देवावरचा विश्वास गेल्यावर चांगलं वागायचं कशाच्या जोरावर?

तुमच्या प्रश्नाचा गाभा मला असा दिसला. तुम्ही धार्मिक घरात वाढलात, आता देव आहे असं मनापासून वाटत नाही. कुणाला फसवू नये, दुबळ्याला छळू नये हे आजही तितकंच पटतं, पण 'का नाही?' असं स्वतःला विचारलं की ठोस काही हाती लागत नाही. मोठा भाऊ म्हणतो, देवाचा धाक गेला की माणूस घसरतोच. त्याचं खरं आहे का, श्रद्धेशिवाय स्वतःची नीती घडवता येते का, आणि आठ वर्षांच्या मुलीला काय सांगायचं, हे तुम्ही विचारलं आहे.

भावापासून सुरुवात करतो. घसरण्याचा धोका त्याने बरोबर ओळखला आहे. कारण मात्र चुकलं आहे, आणि कारण चुकलं की उपायही चुकतो.

मी वैद्यकीय आणि नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना नीतिशास्त्र शिकवतो आणि बरीच वर्षं रुग्णालयाच्या नैतिकता समितीवर आहे. समितीत रोज प्रार्थना करणारे असतात, देव न मानणारे असतात आणि 'त्या भानगडीत मी पडत नाही' म्हणणारेही असतात. समजा प्रश्न आला: रुग्ण पूर्ण शुद्धीवर आहे, पण त्याला निदान सांगू नका असा नातेवाइकांचा आग्रह आहे. चर्चा होते, आवाज चढतात, पण बहुतेक वेळा सगळे एकाच जागी येऊन थांबतात. किती जाणून घ्यायचंय हे रुग्णालाच विचारा, आणि तो सरळ विचारत असेल तर खोटं बोलू नका. आता इथवर कसे पोचलात असं प्रत्येकाला विचारून बघा. एक म्हणेल, प्रत्येक जीवात ईश्वराचा अंश आहे. दुसरा म्हणेल, स्वतःच्या आयुष्याचा निर्णय घेण्याचा हक्क त्या माणसाचा आहे. तिसरी म्हणेल, खोटं उघडं पडलं की तो पुन्हा कुठल्याच डॉक्टरवर विश्वास ठेवणार नाही. निर्णय एक, कारणं तीन, आणि कारणांवरून भांडायला लावलं तर ही मंडळी उद्या सकाळपर्यंत उठणार नाहीत.

हा काही माझ्या एकट्याचा अनुभव नाही. अमेरिकेत टस्कीगी इथे सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं उपचार न देता नुसतं निरीक्षणाखाली ठेवलं होतं. ते उघडकीला आल्यावर, १९७४ साली, माणसांवरच्या संशोधनाला नैतिक चौकट घालून देण्यासाठी ११ जणांचा राष्ट्रीय आयोग नेमला गेला. त्यात डॉक्टर होते, वकील होते, मानसशास्त्रज्ञ होते, ख्रिस्ती नीतिशास्त्राच्या अभ्यासक होत्या. आयोगाचे एक सदस्य अल्बर्ट जॉन्सन, एके काळचे जेझुइट (या कॅथलिक संघाचे) धर्मगुरू, आणि आयोगासोबत काम केलेले तत्त्वज्ञ स्टीफन टूलमिन यांनी पुढे १९८८ साली नोंदवून ठेवलं की एकेका प्रकरणात काय करावं यावर सदस्यांचं सहज एकमत व्हायचं, मतभेद उफाळायचे ते कारणं सांगायची वेळ आली की. तरीही याच आयोगाच्या १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या बेलमाँट अहवालातली तीन तत्त्वं, म्हणजे व्यक्तीचा आदर, हित आणि न्याय, आजही जगभर संशोधनाच्या नैतिकतेत पायाभूत मानली जातात.

म्हणून 'का?' याला अंतिम उत्तर मिळत नाही याने घाबरून जाऊ नका. आधी तत्त्व आणि मग त्यातून वागणूक, हा क्रम पाठ्यपुस्तकाचा. माणसं उलटीकडून शिकतात. आधी प्रसंग कळतात, मग त्यांतला सारखेपणा कळतो, कारणांची जुळणी सगळ्यात शेवटी होते आणि ती अनेकांची आयुष्यभर अर्धवटच राहते. भाविकांचीही.

तुमच्या भावाला एक प्रयोग सांगा. लॅरी नुची आणि एलियट ट्युरिएल या मानसशास्त्रज्ञांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कडक धार्मिक घरांतल्या ख्रिस्ती आणि ज्यू मुलांना प्रश्न विचारले होते. देवाने विश्रांतीच्या दिवसाबद्दल नियम केलाच नसता, तर त्या दिवशी काम केलेलं चाललं असतं का? बहुतेकांचं उत्तर हो, मग चाललं असतं. देवाने चोरीबद्दल किंवा मारण्याबद्दल काहीच सांगितलं नसतं तर ते चाललं असतं का? इथे मात्र बहुतेकांनी नाही म्हटलं, कारण समोरच्याला लागतं, त्याचं नुकसान होतं. म्हणजे श्रद्धेत पूर्ण मुरलेल्या मुलांच्या मनातसुद्धा हे दोन कप्पे वेगळे असतात. एक कप्पा आज्ञेवर उभा असतो, दुसरा समोरच्या माणसावर. तुमचा विश्वास गेला तेव्हा पहिला कप्पा रिकामा झाला. दुसरा जागेवर आहे. तुम्हाला 'अजूनही पटतं' ते त्यामुळेच.

प्लेटोच्या एका संवादात सॉक्रेटिस युथिफ्रो नावाच्या माणसाला हेच विचारतो: देवांना आवडतं म्हणून एखादं कृत्य पवित्र, की ते पवित्र आहे म्हणून देवांना आवडतं? चोवीसशे वर्षं झाली, यावर बरीच शाई खर्च झाली आहे. तुम्ही तिथे फार वेळ घालवू नये असं माझं मत.

मग माणूस घसरतो तो कशाने? माझ्या पाहण्यातली उत्तरं फार साधी आहेत. धर्म सोडणारा माणूस कारणं गमावत नाही, तो वेळापत्रक गमावतो. स्वतःकडे वळून बघायची ठरलेली वेळ गमावतो. 'हे तू बरं केलं नाहीस' असं तोंडावर सांगू शकणारी माणसं गमावतो. चूक कबूल करायची एक तयार रीत गमावतो. परंपरांनी या गोष्टी विलक्षण हुशारीने बांधून ठेवल्या आहेत. जैनांचं प्रतिक्रमण रोज सकाळ-संध्याकाळ असतं, आणि वर्षातून एकदा संवत्सरीला सगळ्यांची क्षमा मागायची असते. बौद्ध भिक्षू दर पंधरवड्याला एकत्र बसून नियमांचं पठण करतात आणि कुणाकडून मोडला असेल तर कबूल करतात. जेझुइट परंपरेत दिवसातून दोनदा आत्मपरीक्षण सांगितलं आहे. नीट बघितलं तर यातल्या प्रत्येक गोष्टीचा एक भाग देवाकडे तोंड करून असतो आणि दुसरा निव्वळ शिस्तीचा असतो. रोज रियाजाला बसल्याशिवाय गळा तयार होत नाही, तसंच हे आहे. देव मानणं सोडणाऱ्याने शिस्तही त्याच गाठोड्यात बांधून बाहेर टाकली, तर पाच-सात वर्षांनी भावाचं भाकीत खरं ठरू शकतं. त्याचा दोष अश्रद्धेला देता येणार नाही.

आणि हे धर्माच्या चौकटीबाहेर करता येतं याचे दाखले जुने आहेत. रोमन तत्त्वज्ञ सेनेका लिहितो की रात्री दिवा गेला, बायकोचं बोलणं थांबलं की तो आपला सगळा दिवस तपासायचा, काही लपवायचा नाही. ही सवय त्याने सेक्स्टियस नावाच्या तत्त्वज्ञाकडून उचलली होती, आणि सेक्स्टियस झोपण्याआधी स्वतःला विचारायचा की आज कोणती वाईट सवय बरी केलीस. बेंजामिन फ्रँकलिन देव मानत होता पण चर्चमध्ये क्वचितच जायचा. त्याने १३ गुणांची यादी करून छोटी वही घातली होती. दर आठवड्याला एका गुणावर लक्ष, म्हणजे १३ आठवड्यांचं एक आवर्तन आणि वर्षाला चार. आपण समजत होतो त्यापेक्षा कितीतरी जास्त दोष आपल्यात आहेत हे वही भरताना कळलं, असं तो स्वतः लिहितो. मला १३ हा आकडा जास्त वाटतो. माझ्या विद्यार्थ्यांना मी दोनच घ्यायला सांगतो, आणि दोन महिन्यांनी विचारलं तर एकच उरलेला असतो. तेवढं पुरे.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते.

तीन प्रसंग लिहून काढा. तुमच्याच आयुष्यातले, जिथे कुणीतरी चुकीचं वागलं असं तुम्हाला आतून वाटलं होतं, आणि त्यातल्या एकात तरी ते 'कुणीतरी' तुम्ही स्वतः असायला हवं. प्रत्येकाखाली तीन प्रश्न. मी त्या दुसऱ्या माणसाच्या जागी असतो तर मला हे मान्य झालं असतं का? केलं ते त्याच्यासमोर उघडपणे सांगता आलं असतं का? आणि याबद्दल कुठलाच नियम, कायदा, रूढी नसती तरी ते चुकीचंच वाटलं असतं का? तिसरा प्रश्न नुचींच्या अभ्यासात मुलांना विचारलेलाच आहे आणि मोठ्यांच्या बाबतीत तो फार उपयोगी पडतो, कारण आपल्याला अनैतिक वाटणाऱ्या बऱ्याच गोष्टी निव्वळ अनोळखी असतात. यातून तुमची स्वतःची अशी काही वाक्यं हाती येतील. ती कदाचित ओबडधोबड असतील, पण उसनी नसतील.

मग त्यातून दोन-तीन लक्ष्मणरेषा ठरवा. 'प्रामाणिक राहीन' हा संकल्प कामाचा नाही, कारण तो कधी मोडला हेच कळत नाही. 'न तपासलेल्या रुग्णाची नोंद लिहिणार नाही' हा कामाचा, तो मोडला की तुम्हाला त्याच क्षणी कळतं. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांच्या संशोधनातून पुढे आलेली गोष्ट इथे वापरण्यासारखी आहे. नुसतं ध्येय ठरवण्यापेक्षा 'जेव्हा अमुक होईल तेव्हा मी तमुक करीन' असं आधीच ठरवलेलं जास्त पाळलं जातं. जेव्हा साहेब मागची तारीख टाकून सही मागतील, तेव्हा मी 'आजची तारीख टाकून देतो' असं म्हणेन. वाक्यसुद्धा तयार ठेवा. आयत्या वेळी धैर्य कमी पडण्याआधी शब्द कमी पडतात, हे मी वॉर्डात पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. नर्सला कळत असतं की डॉक्टर चुकतोय. ज्येष्ठ माणसाला अडवायचं कोणत्या शब्दांत, हे तिला कुणी शिकवलेलं नसतं.

भाषेवर लक्ष ठेवा. घसरण तिथे सगळ्यात आधी दिसते. 'आकडे जरा बसवले', 'मॅनेज केलं', 'ॲडजस्ट झालं', 'पेशंटला समजावलं' (म्हणजे सही घेतली). मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी माणूस स्वतःच्या सदसद्विवेकबुद्धीला कसा गुंगीत ठेवतो त्याच्या आठ तऱ्हा मांडल्या होत्या. गोंडस नाव देणं ही त्यातली एक. बाकीच्यांपैकी ओळखीच्या वाटतील अशा: वरून आदेश होता, सगळेच करतात, त्याने असं काय मोठं नुकसान झालं, दुसरे तर याहून वाईट करतात, आणि त्याचीच लायकी तशी होती. यातली कुठलीही तऱ्हा भाविक आणि नास्तिक दोघांनाही सारख्याच सहजतेने जमते. भाविकाला 'देवाच्या कामासाठी केलं' ही एक जास्तीची मिळते, नास्तिकाला 'मी विवेकवादी आहे, मी भावनेच्या आहारी जात नाही' ही.

घाईबद्दल वेगळं सांगायला हवं. १९७३ साली जॉन डार्ली आणि डॅनियल बॅट्सन यांनी प्रिन्स्टनच्या धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयातल्या ४० विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. विद्यार्थ्यांना शेजारच्या इमारतीत जाऊन छोटं भाषण द्यायचं होतं. काहींचा विषय होता बायबलमधली वाटेत पडलेल्या जखमीला मदत करणाऱ्या परक्याची गोष्ट. वाटेत खरोखरच एक माणूस दारात वाकून, खोकत, कण्हत बसवलेला होता. घाई नसलेल्यांपैकी ६३ टक्के थांबले, थोडी घाई असलेल्यांपैकी ४५ टक्के, आणि 'उशीर झालाय, पळा' असं सांगितलेल्यांपैकी फक्त १० टक्के. कोण कशासाठी धार्मिक आहे यावरून कोण थांबेल हे सांगता आलं नाही, आणि भाषणाच्या विषयाने लक्षणीय फरक पडला नाही. प्रयोग लहान आहे, एकट्या त्याच्यावर मोठी इमारत बांधू नये. पण रुग्णालयात काम केलेल्या कुणालाही त्याचं आश्चर्य वाटणार नाही. चांगलं वागायचं असेल तर दिवसात थोडी फट ठेवावी लागते. हे नीतिशास्त्राच्या पुस्तकात क्वचितच लिहिलेलं असतं.

पुस्तकांवरून आठवलं. भरपूर तत्त्वज्ञान वाचून नीती सुधारेल अशी आशा असेल तर थोडी आवरा. एरिक श्विट्झगेबल आणि जोशुआ रस्ट या तत्त्वज्ञांनी नीतिशास्त्राच्याच प्राध्यापकांचं वागणं तपासलं आणि ते इतर प्राध्यापकांपेक्षा चांगलं असल्याचं काही आढळलं नाही. मांस खाणं नैतिकदृष्ट्या वाईट असं मानणारे नीतिशास्त्रज्ञांत सुमारे ६० टक्के होते, म्हणजे इतरांपेक्षा बरेच जास्त, पण आदल्या रात्रीच्या जेवणात मांस खाल्लं का या प्रश्नाच्या उत्तरांत गटागटांत ठळक फरक नव्हता. माझा स्वतःचा पगार याच विषयावर चालतो, तरी हे सांगतो. वाचनाने प्रसंग ओळखण्याची नजर येते, एवढं मी खात्रीने म्हणेन. पाच माणसांना वाचवायला एकाला मारावं का, असली कोडी सोडवण्यात मात्र संध्याकाळ घालवू नका. आपण बहुतेक सगळे बिघडतो ते असल्या पेचात नाही, मंगळवारी दुपारी, एका ईमेलमध्ये.

समोर कुणीतरी हवं. रोज नको, पण महिन्या-दोन महिन्यांनी ज्याला तुम्ही खरं सांगाल आणि जो तुमची बाजू लगेच घेणार नाही असा एक माणूस. नवरा-बायको किंवा जिवलग मित्र याला सहसा चालत नाहीत, ते फार लवकर माफ करतात. गंमत म्हणजे तुमच्या बाबतीत भाऊ चालेल. तुम्ही घसराल याची तो वाटच बघतोय, यापेक्षा सावध परीक्षक कुठे मिळणार?

आणि चूक झाल्यावर भरपाई. श्रद्धा गेलेल्यांच्यात मला एक विचित्र गोष्ट दिसते. माफ करणारा कुणी नाही म्हणून ते अपराधाची भावना वर्षानुवर्षं घेऊन फिरतात, पण ज्याचं नुकसान झालं त्याला फोन करत नाहीत. भाविकांच्यात याच्या उलट दिसतं. देवापुढे हात जोडून मन हलकं होतं आणि तो फोन राहूनच जातो. ज्यू परंपरेतल्या मिश्ना या ग्रंथात यावर स्पष्ट सांगितलं आहे: माणसाने माणसाविरुद्ध केलेल्या पापाचं क्षालन प्रायश्चित्ताच्या दिवसानेही होत नाही, जोवर तो त्या माणसाचं समाधान करत नाही. काय केलं ते नाव घेऊन सांगा, 'पण' न लावता सांगा, भरून काढता येईल तेवढं काढा. समोरचा माफ करेलच असं नाही, तो त्याचा हक्क.

तुमच्या बाजूने एवढं बोललो, आता भावाच्या बाजूने. धार्मिक माणूस म्हणजे आज्ञाधारक आणि नास्तिक म्हणजे स्वतंत्र विचाराचा, ही समजूत मी खोडून काढू इच्छितो. महाभारतात कर्णपर्वात कौशिक नावाच्या तपस्व्याची कथा येते. सत्य बोलण्याचं त्याचं व्रत. दरोडेखोरांपासून जीव वाचवून पळालेली माणसं जवळच्या रानात लपली, दरोडेखोरांनी कौशिकाला विचारलं आणि त्याने खरं सांगितलं. माणसं मारली गेली, आणि कथेनुसार कौशिक नरकात गेला. कृष्ण ही कथा अर्जुनाला सांगतो ती नियमाला आंधळेपणाने चिकटू नये म्हणून. आता दुसरीकडे बघा. इमॅन्युएल कांट, नीतीला निव्वळ बुद्धीच्या पायावर उभं करू पाहणारा तत्त्वज्ञ. त्याने १७९७ च्या निबंधात आग्रहाने मांडलं की मारेकरी दारात येऊन तुमचा मित्र घरात आहे का असं विचारत असेल, तरीही खोटं बोलण्याचा अधिकार तुम्हाला नाही. धर्मकथा तारतम्य शिकवते आहे आणि शुद्ध बुद्धी हट्टाला पेटली आहे. 'सत्य असत्याशी मन केले ग्वाही, मानियेले नाही बहुमता' असं म्हणणारे तुकोबा भक्तच होते. तेव्हा भाऊ श्रद्धाळू आहे म्हणून त्याचा विवेक झोपला आहे असं धरून चालू नका. त्याला एवढंच विचारा की धर्मग्रंथातली कुठली आज्ञा तो अक्षरशः पाळतो आणि कुठली सोडून देतो, आणि ही निवड तो कशाच्या आधारावर करतो. सगळ्या आज्ञा अक्षरशः पाळणारा भाविक मला अजून भेटलेला नाही. त्या निवडीच्या जागी तुम्ही दोघं शेजारीशेजारीच उभे आहात.

राहिली मुलगी. आठव्या वर्षी तिला पाया नको असतो, प्रसंग हवे असतात. तिने मैत्रिणीची वस्तू लपवली तर 'देव बघतो' म्हणू नका, तुम्हालाच ते खरं वाटत नाही आणि मुलांना ते लगेच कळतं. 'पोलीस येतील' हेही नको. 'वस्तू शोधताना तिला कसं वाटलं असेल' इथून सुरुवात करा आणि ती परत कशी द्यायची ते तिलाच ठरवू द्या, सोबत जाऊन दाराबाहेर थांबा. तुमच्या हातून तिच्यावर अन्याय झाला, विनाकारण ओरडलात, तर तिची माफी मागा, मोठ्या माणसाची मागावी तशी. आजीने तिला प्रार्थना शिकवली तर शिकू दे. आणि देव आहे का असं तिने विचारलं, की तुम्हाला काय वाटतं ते सांगा, काकाला काय वाटतं तेही सांगा, आणि दोन्ही सांगताना आवाज सारखाच ठेवा.